मारणाऱ्याने पाजायची बिअर

डेल ओल्डरॉइडकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा त्याच्या तळहातावर त्याचेच दोन दात होते.

१९८९चा मे महिना. स्कॉलबरो गावातल्या आमच्या शाळेमागे सिमेंटची एक पट्टी होती आणि तिच्याभोवती जाळी. मी गणित शिकवायचो आणि शाळा सुटल्यावर तिथे मुलांचा क्रिकेटचा सराव घ्यायचो. त्या दिवशी शेवटच्या वर्गातला विल्क्स नावाचा दांडगा मुलगा बॉलिंग करत होता. तेरा वर्षांचा एक किडकिडीत पोरगा अर्धा तास जाळीला नाक लावून उभा होता. शेवटी म्हणाला, "सर, मी सहा बॉल खेळू?" मी हो म्हटलं. पायात शाळेचेच बूट. पॅड त्याने एकच बांधलं, कारण दुसऱ्याचा पट्टा तुटलेला होता. विल्क्सने पहिलाच बॉल आपटला आणि तो उसळून थेट पोराच्या तोंडावर बसला.

मी धावलो. पोरगा खाली बसला नव्हता. हनुवटीवरून रक्त शर्टात उतरत होतं. त्याने जीभ आतल्या आत फिरवली, तळहातावर थुंकला, दोन दात नीट पाहिले, पँटला पुसले आणि खिशात टाकले.

"चल, नर्सकडे जाऊ," मी म्हणालो.

"एकच बॉल झालाय सर. सहा म्हणालो होतो."

विल्क्स पांढराफटक पडला होता. "सर, मी नाही याला टाकणार."

"टाक रे," पोरगा म्हणाला. "पुढचे दोन गेलेच. मागच्यांपर्यंत पोचतोस का बघू."

विल्क्सने उरलेले पाच टाकले. त्यातला शेवटचा पुन्हा तोंडावर आला. पोरगा मागच्या पायावर गेला आणि तो त्याने सायकलींच्या शेडवरून भिरकावून दिला. पण माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. अंगावर काही वेगाने आलं की माणसाची पापणी मिटते. मोठ्या मोठ्या खेळाडूंची मिटते. या पोराची मिटत नव्हती. पहिला बॉलसुद्धा त्याने दात पडेपर्यंत पाहिला होता. सिमेंटवर बॉल किती उडतो, तेवढंच त्याला माहीत नव्हतं.

दात पडले हे घरी सांगणं भाग होतं, म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. दार उघडलं ते त्याच्या वडिलांनी. क्लिफ ओल्डरॉइड गावच्या कत्तलखान्यात होता. जनावराच्या पुढच्या पायांचे सांधे सोडवायचं काम त्याच्याकडे. माणूस फार उंच नव्हता, पण त्याचे दोन्ही हात दुसऱ्याच कुणाचे तरी काढून लावल्यासारखे मोठे होते.

"दात?" तो म्हणाला. "दुधाचे का?"

"नाही."

"मग चूक याचीच. या मास्तर, वजडी खाऊन जा."

घरात बाई नव्हती. डेल नऊ वर्षांचा असताना त्याची आई हल शहरात बहिणीकडे गेली, ती परत आली नव्हती. आम्ही तिघे टेबलाशी बसलो. व्हिनेगर घातलेली वजडी, कांदे आणि चिप्स. डेलचा ओठ टरारून सुजला होता, तरी तो खाली मान घालून खात होता. क्लिफने मिठाच्या बाटलीसाठी हात पुढे केला. हात निघायच्या आधी, नुसतं मनगट हललं तेवढ्यात, डेलचं डोकं वीतभर बाजूला गेलं होतं. घास तोंडातच. नजर ताटातच.

क्लिफ मोठ्याने हसला. "पाहिलंत मास्तर? माशी आहे माशी. दोन वर्षं झाली, एकदा सापडत नाही. सापडावा म्हणून झोपेत मारावा लागतो."

त्याला ते खरंच कौतुकाने सांगायचं होतं. पोराची पापणी का मिटत नाही ते मला त्या टेबलावर कळलं. दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, घरचा मामला आहे. पुढच्या महिन्यात डेल डाव्या कानाला पट्टी लावून आला, तेव्हा मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मग मी एवढंच केलं, की रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत सराव चालू ठेवला, म्हणजे त्याला घरी जायला उशीर व्हावा.

क्लिफची आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमच्या गावात कत्तलखान्याच्या माणसांची एक रीत होती. आठवडाभराची भांडणं ते शुक्रवारी चार वाजता, पाळी सुटली की, 'ब्लॅक रॅम' पबच्या मागच्या अंगणात मिटवत. शर्ट काढून, नुसत्या मुठींनी. एक जण उठेनासा झाला की संपलं. मग सगळे आत जात, मारणारा स्वतःच्या पैशाने बिअर आणून मार खाल्लेल्याच्या पुढे ठेवत असे. ती प्यायली की हार कबूल, आणि पिणाऱ्याने त्या माणसावर पुन्हा हात उचलायचा नाही. तशीच ठेवली तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा अंगणात.

मी एकदा ते पाहिलं आहे. क्लिफसमोर एक ट्रकवाला होता, त्याच्याहून हातभर उंच. क्लिफने पहिले तीन ठोसे तोंडावर घेतले. त्याची भुवई फुटून डोळ्यात रक्त आलं. मग त्याने त्या माणसाच्या बरगड्यांखाली एकाच जागी सहा ठोसे मारले, खिळा ठोकावा तसे, मोजून. ट्रकवाला गुडघ्यांवर आला आणि दगडी फरशीवर ओकला. आत गेल्यावर क्लिफने त्याच्या पुढे बिअरचा मग ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "पी बाबा, पी. चांगला लढलास." ट्रकवाल्याने तो दोन्ही हातांनी धरून पिऊन टाकला. क्लिफ ओल्डरॉइडने स्वतः जन्मात कधी दुसऱ्याची बिअर प्यायली नव्हती. हे तो लोकांना सांगायचा नाही. लोकच एकमेकांना सांगायचे.

डेल अठराव्या वर्षी काउंटी क्लबच्या दुसऱ्या संघात गेला आणि एकविसाव्या वर्षी पहिल्या. मैदान आमच्या गावापासून बसने पाऊण तास. त्याची बॅटिंग सुंदर होती असं मी म्हणणार नाही. ती भांडणासारखी होती. बॉल जितका वेगात येई तितका तो पुढे सरके, आणि त्याने मारलेला बॉल अडवायला गेलेली माणसं बोटं धरून परत येत. मात्र त्या काळी करार एप्रिल ते सप्टेंबर एवढाच असे. थंडीत ज्याने त्याने आपली सोय पाहायची. डेलची सोय कत्तलखान्यात होती, बापाच्या शेजारी, रांगेत तिसरा.

१९९९च्या जूनमध्ये एक प्रकार झाला. डेल ड्रेसिंगरूममध्ये बुटाचे बंद बांधत होता. संघाचा विकेटकीपर थट्टेखोर होता. त्याने मागून येऊन बर्फाचा खडा डेलच्या मानेला लावला. डेलने वळूनही पाहिलं नाही. मूठ आधी गेली. कीपरचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि त्यात तारा घालाव्या लागल्या.

डेल त्याच संध्याकाळी बिअरची बाटली घेऊन हॉस्पिटलात गेला. आमच्याकडची रीत त्याने समजावून सांगितली. कीपरने पाटीवर लिहिलं, 'उघड लवकर', आणि दातांच्या फटीतून नळी घालून सगळी बाटली संपवली. त्या दोघांत तिथेच मिटलं. क्लबात मिटलं नाही. क्लबचे अध्यक्ष मिस्टर ॲम्बलर हे जुने लोकरीचे व्यापारी, सत्तरीचे, सरळ माणूस, पण लिहिलेल्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारे. त्यांना डेलची बॅट हवी होती, मूठ नको होती. त्यांनी डेलला पत्र दिलं आणि ते दाखवायला तो माझ्या घरी आला.

मी चहा टाकला. तो स्वयंपाकघरात उभ्यानेच मला वाचून दाखवत होता.

"तीन वर्षं वाढवून देणार, सर. आणि बारा महिने. बारा! थंडीचे पण."

"आणि अट?"

"मोसम संपेपर्यंत मैदानाच्या आवारात कुणावरही हात उचलायचा नाही. उचलला तर करार नाही. मी सही करून दिलीये."

"जमेल?"

त्याने बाही वर केली. उजव्या कोपराच्या वर, एकाखाली एक, आडवे काळपट व्रण होते. काही जुने, पांढरे पडलेले. सुरीला धार लावायची पोलादी सळई क्लिफच्या पट्ट्याला लटकत असे, तिचे ते व्रण होते. मार्चपर्यंत डेल तिथे कामाला होता.

"घरी मान हलवता येते," तो म्हणाला. "तिथे नाही येत. हातात सुरी असते, पलीकडे दुसरा सुरी घेऊन उभा असतो. हललो तर कुणाचं तरी बोट जातं. म्हणून खायचं." बाही खाली ओढून तो म्हणाला, "सर, बारा महिन्यांचा करार झाला की मी परत त्या दारातून आत जाणार नाही. तीन महिने हात खिशात ठेवायचे फक्त."

आणि त्याने ठेवले. जुलैत एका कॅप्टनने त्याला तोंडावर शिवी दिली. डेल हात मागे बांधून उभा राहिला. ऑगस्टमध्ये दारू प्यायलेल्या एका प्रेक्षकाने त्याच्यावर चहा फेकला, तर तो म्हणाला, "साखर विसरलात." असं करत सप्टेंबरमधला शेवटचा सामना आला.

त्या सामन्याच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी, कत्तलखान्यातला बॉयलर बिघडला आणि सगळ्यांना सुटी मिळाली. मी क्लिफला म्हटलं, चल, तुझा मुलगा काय करतो ते एकदा तरी बघ. पाच वर्षांत तो एकदाही मैदानावर आला नव्हता. त्याला गाडीत घालून नेलं ते मी, हे मला सांगितलंच पाहिजे. तो अंत्ययात्रेचा काळा कोट घालून आला होता, कारण चांगला कोट त्याच्याकडे तोच होता. आम्ही पॅव्हिलियनच्या पायऱ्यांजवळ, म्हाताऱ्या सभासदांच्या रांगेत बसलो.

आभाळ खाली आलेलं. खेळपट्टी हिरवी, ओलसर. पाहुण्या संघात नेव्हिल पास्को नावाचा फास्ट बॉलर होता, दक्षिणेकडचा, साडेसहा फूट उंच. त्याने पहिल्या तासात आमचे तीन जण घालवले, त्यातला एक हाताला धरून न्यावा लागला. मग डेल आला.

पास्कोने त्याला पाडायचंच ठरवलं होतं. दुसरा बॉल बरगडीत बसला. तो आवाज आमच्यापर्यंत आला.

"बरगडी," क्लिफ म्हणाला.

थोड्या वेळाने आणखी एक, हातावर. डेलने ग्लव्ह काढून हात झटकला.

"करंगळी. मोडली नाही, चिरली."

तो नुसत्या आवाजावरून सांगत होता, आणि बरोबर सांगत होता. मैदानावर काय बोलणं चाललं होतं ते मला नंतर पंचांनी सांगितलं. पास्को म्हणाला होता, "घरी जा पोरा. आई वाट बघत असेल." त्यावर डेल म्हणाला, "ती हलमध्ये असते. पत्ता देऊ?"

चहाच्या सुटीला दोन ओव्हर उरल्या असताना तो बॉल आला. हेल्मेटची कड आणि खालची जाळी यांच्या फटीतून तो आत घुसला आणि गालाच्या हाडावर बसून तिथेच अडकला. डेल गुडघ्यावर आला. हेल्मेट काढलं तेव्हा बॉल आतून खाली पडला, त्याच्यामागून रक्त. माळ्याने बादलीतून भुसा आणला आणि खेळपट्टीवरच्या रक्तावर टाकला. कत्तलखान्यातही भुसाच टाकतात. क्लिफ उठून उभा राहिला होता.

"बस क्लिफ," मी म्हणालो. "टाके घालतील. खेळ आहे हा."

"त्याने मुद्दाम मारलं."

"मुद्दामच मारतात. त्याचेच पैसे मिळतात त्याला."

चार टाके घालून, गालावर पट्टी लावून डेल चहानंतर पुन्हा आला. पुढचे दोन तास मी विसरलेलो नाही. त्याचा डावा डोळा जवळजवळ मिटला होता. पास्कोने आपटलेला प्रत्येक बॉल त्याने डोक्यावरून ओढून मारला. एक बॉल जवळ उभ्या असलेल्या फिल्डरच्या नडगीवर बसला, तो लोळत बाहेर गेला. एकाने स्कोअरर बसतात त्या खोलीची काच फोडली. पट्टी सुटून रक्त गळ्यात उतरलं, शर्टाची एक बाजू लाल झाली, पंचांनी दोनदा बाहेर जायचं का विचारलं, तो नको म्हणाला. खेळ संपला तेव्हा तो १३१वर नाबाद होता, आणि म्हातारे सभासद उभे राहून काठ्या आपटत होते. क्लिफ हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून बसला होता. शेजारच्या म्हाताऱ्याला तो हळूच म्हणाला, "हा माझा आहे." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता काउंटीतली रीत अशी, की बॉलरने फलंदाजाला जखमी केलं तर खेळ संपल्यावर तो स्वतः बिअर घेऊन त्याच्याकडे येतो. त्यात हारजीत नसते. चांगला उभा राहिलास, एवढंच म्हणायचं असतं. ही रीत क्लिफला माहीत नव्हती, आणि त्याला सांगायला हवी हे माझ्या ध्यानात आलं नाही.

डेल पॅड सोडून पायरीवर बसला होता. पास्को दोन्ही हातांत दांडीचे काचेचे मग घेऊन आला. एक त्याने डेलच्या पुढे धरला. "पी," तो म्हणाला. "चांगला लढलास."

डेलने मग घेतला.

मी क्लिफच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठलो, पण तो माझ्या आधी उठला होता.

"ठेव ते खाली."

"डॅड, इथे तसं नसतं."

"ठेव म्हणतो! त्याच्यासमोर दिवसभर उभा राहिलास, एकशे एकतीस मारलेस आणि त्याची पितोस?"

"डॅड, ऐक तर. इथे ते नुसतं..."

क्लिफने तो मग त्याच्या हातातून उडवला. तो पायरीच्या दगडावर फुटला. पास्को हसत हात पुढे करून म्हणाला, "तुम्ही वडील का याचे?" आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत क्लिफची मूठ त्याच्या तोंडावर बसली. साडेसहा फुटांचा माणूस पायऱ्यांवर पाठीवर आपटला. ओठ उभा फाटला होता. क्लिफ वाकला. फुटलेल्या मगची दांडी आणि तिला चिकटून राहिलेला काचेचा तुकडा त्याच्या हातात आला. हात वर गेला.

जन्मभर डेलने ते मनगट पाहिलं होतं आणि जन्मभर तो बाजूला झाला होता. या वेळी तो बाजूला झाला नाही. त्याने ते मनगट हवेतच दोन्ही हातांनी पकडलं आणि पिळलं. क्लिफने सोडलं नाही, काच पास्कोच्या डोळ्यांवरच होती. डेलने आणखी पिळलं. सांधा सुटल्याचा आवाज झाला. त्या दोघांनी तो आवाज रोज शंभरदा ऐकलेला. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. मग काच खाली पडली आणि क्लिफ पायरीवर बसला, हात मांडीवर घेऊन, चेहरा राखेसारखा.

वीसेक सभासदांनी हे पाहिलं होतं. वरच्या गॅलरीतून मिस्टर ॲम्बलरनीही.

क्लिफला हॉस्पिटलात नेलं. डेलला वर समितीच्या खोलीत बोलावलं. तो मला म्हणाला, "चला सर, माझ्याबरोबर." टेबलावर करार तयार होता. शेजारी मिस्टर ॲम्बलरनी दुसरा एक कोरा कागद ठेवला.

"हे बघ डेल," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांनी आमच्या पाहुण्यावर हल्ला केला, काच उगारली, तू अडवलंस. तसा जबाब लिहून दे. क्लब तो पोलिसांकडे देईल. मग तू हात उचललास असं कुणी म्हणणार नाही. दोन्ही कागदांवर सही कर."

क्लिफ मारामारीसाठी दोनदा आत जाऊन आला होता. तिसऱ्या वेळेला काही वर्षं गेली असती.

"आणि जबाब नाही दिला तर?" डेलने विचारलं.

"तर एवढंच उरतं, की जूनमध्ये तू एका कागदावर सही केलीस, आणि आज माझ्या डोळ्यांसमोर एका माणसाचं मनगट मोडलंस."

दार उघडलं आणि पास्को आत आला. ओठांवर बर्फाचं फडकं धरलेलं. "मला कुणी मारलेलं नाही," तो फडक्यातून म्हणाला. "मी पायरीवरून पडलो."

"मिस्टर पास्को, वीस सभासदांनी पाहिलंय."

"मग त्यांच्यातल्याच कुणीतरी ढकललं असेल. म्हातारे फार दांडगे आहेत तुमचे."

मिस्टर ॲम्बलर हसले नाहीत. ते डेलकडे पाहत होते. डेलने कोरा कागद उचलला, पेन घेतलं आणि उभ्यानेच एक ओळ लिहिली. ती मी वाचली. 'माझ्या वडिलांचं मनगट मी मोडलं. डेल ओल्डरॉइड.' खाली तारीख.

"याच्याहून जास्त मी लिहिणार नाही," तो म्हणाला.

मिस्टर ॲम्बलरनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी कराराचा कागद ओढला, 'तीन वर्षे' यावर काट मारून 'एक' लिहिलं आणि 'बारा महिने' यावर काट मारून 'एप्रिल ते सप्टेंबर' लिहिलं. "एवढंच मला समितीपुढे मांडता येईल," ते म्हणाले. "तेही कसं मांडायचं, ते मला अजून ठाऊक नाही."

डेलने दुसऱ्या खाडाखोडीवर बोट ठेवलं. "म्हणजे नोव्हेंबरात परत तिथेच," तो मला म्हणाला. मग त्याने सही केली.

पुढच्या दिवशी शुक्रवार होता. क्लिफचा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाड जुळेल, मनगट वळणार नाही. चार वाजता तो 'ब्लॅक रॅम'मध्ये नेहमीच्या जागी बसला होता. मी त्याच्यासमोर होतो. डेल आला, गाल काळानिळा, आणि सरळ काउंटरवर गेला. बिअरचा एक मग आणून त्याने तो बापाच्या पुढे ठेवला. कत्तलखान्याची सगळी माणसं तिथे होती.

"मी मारलं," डेल म्हणाला. "म्हणून मी आणली."

क्लिफने मगकडे पाहिलं. "प्यायलो तर काय, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"पुन्हा हात कधीच नाही, असं होतं ते."

"कधीच नाही, डॅड. नाही प्यायलास तर पुढच्या शुक्रवारी अंगणात. प्लास्टरसकट."

कोपऱ्यात कुणीतरी हसू दाबलं. क्लिफने त्या दिशेला पाहिलं आणि ते थांबलं. मग त्याने डावा हात पुढे केला. डाव्या हाताची सवय नव्हती. बिअर हनुवटीवरून शर्टावर सांडली. तरी तो तळापर्यंत प्यायला आणि रिकामा मग त्याने उलटा करून टेबलावर ठेवला.

"पाणचट आहे," तो म्हणाला.

नोव्हेंबरात डेल कत्तलखान्यात गेला. मोडक्या मनगटाने सांधे सोडवता येत नाहीत, म्हणून क्लिफला फाटकावर बसवलं होतं आणि त्याच्या जागेवर डेलला उभं केलं. रांगेत दुसरा. बापाचीच सुरी, बापाचीच सळई. मिस्टर ॲम्बलरनी दर सप्टेंबरला करार वाढवला, दर वेळी एक वर्ष, दर वेळी एप्रिल ते सप्टेंबर. असा तो अकरा वेळा वाढला, आणि अकरा हिवाळे डेलने त्या जागेवर काढले. क्लिफने त्याच्यावर पुन्हा हात उचलला नाही. कुणावरच उचलला नाही.

कत्तलखाना आता बंद झाला आहे. डेल अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि काउंटीच्या मुलांना बॅटिंग शिकवतो. क्लिफ सत्तर ओलांडून बराच पुढे गेला. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. क्लिफने डाव्या हाताने मिठाकडे हात नेला, तेव्हा डेलचं डोकं वीतभर बाजूला गेलं. क्लिफने ते पाहिलं आणि मीठ न घेताच हात परत आणला. डेलने बाटली उचलून त्याच्यापुढे ठेवली.

डेल दर रविवारी दुपारी बापाकडे जातो, आणि स्वतः जेवायला बसण्याआधी त्याच्या ताटातलं मांस बारीक कापून देतो.